केसपेपरवरचा खोटा 'वीस'

फ्लूच्या दिवसांत ओपीडीत बसणाऱ्या सर्व डॉक्टरांना आणि त्यांच्याआधी रुग्णाला बघणाऱ्या माझ्या सिस्टर मैत्रिणींना,

स. न. वि. वि.

आज तुमच्यासमोर जेवढे केसपेपर आले असतील तेवढे एकत्र ओढा आणि त्यांच्यावरचा एकच रकाना वाचत जा. ताप प्रत्येकाचा वेगळा दिसेल. नाडी वेगळी, बीपी वेगळं, वजन वेगळं. श्वासाच्या रकान्यात मात्र वीस, वीस, अठरा, वीस, अठरा, वीस. तरणा मुलगा वीस, दम्याच्या आजी वीस, तापाने फणफणलेला माणूसही वीस.

हे आकडे आम्ही सिस्टर लिहितो. न मोजता लिहितो. तुम्हाला ते ठाऊक असतं म्हणून तुम्ही तो रकाना वाचत नाही, आणि तुम्ही वाचत नाही म्हणून आम्ही मोजत नाही. असं हे साटंलोटं वर्षानुवर्षं सुखाने चाललंय. मी स्वतः त्यात बरीच वर्षं होते, त्यामुळे हे पत्र वरच्या पायरीवरून लिहिलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी ओपीडी भरलेली असताना माझ्या टेबलावर एक जोडपं आलं. माणूस पंचावन्नच्या आसपासचा, अंगापिंडाने मजबूत. ताप, खोकला, अंगदुखी, सहावा दिवस. मी प्रश्न त्यांना विचारत होते आणि उत्तरं बाई देत होत्या. 'कधीपासून?' बाई बोलल्या. 'खोकला कोरडा की कफ पडतो?' बाईच बोलल्या. मी मनात म्हटलं, काय बाई आहे, नवऱ्याला तोंड म्हणून उघडू देत नाही. बाईंनी हेही सांगितलं की परवा ताप उतरला होता, बरं वाटत होतं, काल रात्रीपासून परत भरून आला. मी ताप लिहिला, नाडी लिहिली, बीपी लिहिलं, बोटाला ऑक्सिमीटर लावला, पंचाण्णव आला. आणि श्वास: वीस.

डॉक्टरांनी कागद बघितला. सगळं ठीकठाक. दिवसभरात त्यांनी तसेच कितीतरी बघितले होते. 'व्हायरल आहे, पाच दिवस लागतील.' दुसऱ्या दिवशी पहाटे तोच माणूस स्ट्रेचरवरून आला. दोन्ही बाजूंचा न्यूमोनिया. तीन आठवडे वॉर्डात आणि आयसीयूत काढून घरी गेले, तेव्हा पँट कमरेला दोरीने बांधली होती. वाचले, हे त्यांचं नशीब आणि आयसीयूवाल्यांची मेहनत.

बाई बोलक्या नव्हत्या. नवऱ्याला एका दमात वाक्य पुरं करता येत नव्हतं, म्हणून त्या बोलत होत्या. माझ्यापासून दोन फुटांवर तो माणूस बसला होता आणि मी त्याच्या छातीकडे बघायचं सोडून बाईंच्या स्वभावाबद्दल मत बनवत होते. मी लिहिलेला तो वीस खरा किती होता, हे आता कोणालाच कळणार नाही. तिशीच्या घरात असावा.

तेव्हापासून मी मोजते. ओपीडीत कितीही गर्दी असली तरी, ज्याला ताप आणि खोकला आहे त्याचा श्वास मी पूर्ण एक मिनिट मोजते. हे पत्र त्या एका मिनिटासाठी आहे.

श्वासाचाच एवढा आग्रह का? फुप्फुसात बिघाड सुरू झाला की शरीर आधी श्वासाचा वेग वाढवून भरपाई करतं. त्या भरपाईमुळेच ऑक्सिमीटरवर पंचाण्णव-शहाण्णव दिसत राहतं. म्हणजे आकडा चांगला असतो तो वेगाने घेतलेल्या श्वासांच्या जोरावर, आणि आपण आकडा वाचून निर्धास्त होतो. शरीर दमलं की मग आकडा घसरतो, तोवर आपल्या हातातला वेळ गेलेला असतो. ऑक्सिमीटर वाईट यंत्र आहे असं मी म्हणत नाही. त्याच्याशिवाय माझं पान हलत नाही. पण बोटं गार असली, नखावर गडद पॉलिश असलं, हात हलत असला तर ते गडबडतं, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं. काठावरचा पंचाण्णव म्हणूनच मला आता फारसा धीर देत नाही. त्याच माणसाला ओपीडीच्या लांब पडवीत एक फेरी मारून यायला सांगावं आणि मग परत बघावं. बसून पंचाण्णव असलेला चालून एक्याण्णवला येतो तेव्हा डोळे उघडतात.

ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने रुग्णाची तब्येत बिघडतेय का हे ओळखण्यासाठी गुण देण्याची एक पद्धत केली आहे; गुण जास्त म्हणजे धोका जास्त. तिची २०१७ची सुधारित आवृत्ती आज ठिकठिकाणी वापरतात. त्यात वरचं बीपी ९० किंवा त्याखाली गेलं की तीन गुण मिळतात. आणि श्वास मिनिटाला २५ किंवा त्यावर गेला की? तेही तीनच. आता खरं सांगा, वरचं बीपी नव्वद आलं तर आपण हातातलं काम टाकून धावतो. श्वास पंचवीस आला म्हणून कोणी धावलेलं कधी बघितलंय?

मोजायची रीत तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते, कारण चुका त्यातच होतात. 'आता तुमचा श्वास मोजते' असं रुग्णाला सांगायचं नाही. सांगितलं की तो जपून श्वास घेतो. मनगट धरायचं, नाडी मोजायची, आणि नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. त्याला वाटतं नाडीच चाललीय. नजर छातीवर किंवा पोटावर. जाड कपडे असतील तर आधी बाजूला करायचे. जिना चढून किंवा धावत आला असेल तर दोन मिनिटं बसू द्यायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं हा आपला आवडता शॉर्टकट. त्यात एक श्वास चुकला की चार चुकतात. पूर्ण साठ सेकंद. प्रौढ माणसाचा निवांत बसलेला श्वास साधारण १२ ते २० असतो. एकवीस-बावीस आला तर ताप अंगावर आहे का ते बघते, कारण तापानेही श्वास थोडा वाढतो, आणि ताप उतरल्यावर परत मोजते. पंचवीस आला तर केसपेपर रांगेतून काढून थेट तुमच्या टेबलावर ठेवते. तीस आला तर कागद राहू द्या, माणूसच आत आणते.

लहान मुलांत तर श्वासाइतकी बोलकी दुसरी खूण नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आपल्या सगळ्यांच्या प्रशिक्षणात होते: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या आतल्याला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. ज्यांना एक्स-रेची सोय नाही अशा कार्यकर्त्यांनाही न्यूमोनिया ओळखता यावा, म्हणून घड्याळ आणि डोळे एवढ्यावर भागेल असे आकडे ठरवले आहेत. आपल्याकडे एक्स-रे आहे म्हणून आपण डोळे मिटून घ्यावेत असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. मूल रडत असताना मोजू नका. थर्मामीटर लावण्याआधी, कपडे काढण्याआधी, आईच्या कुशीत गप्प असताना मोजा. बाळ झोपलेलं असेल तर उत्तम. मग अंगातलं वर करून बघा, बरगड्यांच्या खाली खळगा पडतोय का. नाकपुड्या फुलतायत का. कण्हतंय का. तान्हं दूध ओढताना मध्ये मध्ये सोडून दम घेतंय का, हे आईला विचारा. तिला ते कालपासून माहीत असतं, फक्त कोणी विचारलेलं नसतं.

आता 'व्हायरल' या शब्दाविषयी. डॉक्टर, हा शब्द तुम्ही म्हणता तेव्हा बहुतेक वेळा तुमचं बरोबर असतं, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. शंभरात बहुतेकांना विषाणूचाच ताप असतो आणि ते आपोआप बरे होतात. त्यामुळे न बघता 'व्हायरल' म्हणणाराही बहुतेक वेळा बरोबर ठरतो, आणि आपल्याला निदान जमतं असा त्याचा समज घट्ट होत जातो. फ्लूसारख्या आजाराची जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या तरी काय आहे? ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये १००.४, किंवा त्यावर ताप, सोबत खोकला, आणि सुरुवात गेल्या दहा दिवसांतली. ही व्याख्या साथ मोजण्यासाठी केलेली आहे. समोर बसलेल्या माणसाला काय झालंय हे ठरवण्यासाठी ती नाही. म्हाताऱ्या माणसांना फ्लूत ताप येतोच असं नाही. 'दोन दिवस जेवत नाहीत', 'काल बाथरूममध्ये पडले', 'असंबद्ध बोलतात' एवढंच नातेवाईक सांगतात आणि केसपेपरवर 'अशक्तपणा' असं लिहून तो कागद गठ्ठ्याच्या तळाशी जातो.

म्हणून माझ्या टेबलावर मी तीन गोष्टी विचारते. पहिली: आजार सुरू कधी झाला? फ्लूचा रुग्ण पुष्कळदा वेळसुद्धा सांगतो. 'दुपारी तीनपर्यंत चांगला होतो, चारला थंडी वाजून आली.' साधं पडसं असं अंगावर कोसळत नाही. आधी घसा खवखवतो, मग नाक, मग खोकला, असं रेंगाळत येतं. तारीख कळली की तुम्हालाही औषधाच्या ४८ तासांचा हिशेब करता येतो, त्याबद्दल पुढे. दुसरी: मध्ये बरं वाटलं होतं का? तिसरी: नाक, घसा, खोकला यांतलं काहीच नसेल तर ताप आहे कशाचा?

दुसऱ्या प्रश्नाने मला त्या जोडप्यात दगा दिला, म्हणजे उत्तर मिळालं होतं आणि मी ते ऐकलं नाही. फ्लू उतरणीला लागल्यावर ताप परत चढला, कफ वाढला, कुशीत दुखायला लागलं, तर विषाणूने सोलून ठेवलेल्या श्वासनलिकेत जिवाणू शिरले का हे बघावं लागतं. न्यूमोकोकस आणि स्टॅफिलोकोकस हे त्यातले ठरलेले. १९१८च्या साथीत जगभरात पाच कोटींच्या आसपास माणसं गेली असा अंदाज आहे. त्या काळी जतन केलेले फुप्फुसांचे नमुने नंतर तपासले तेव्हा बहुतेक मृत्यूंत अशा जिवाणूंच्या न्यूमोनियाचा हात दिसला. फ्लूच्या जिवाणूची एक गंमतही आहे. १८९२मध्ये रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने रुग्णांच्या कफात एक जिवाणू बघितला आणि हाच फ्लूचं कारण असं जाहीर केलं. पुढे १९३३मध्ये लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू वेगळा करून दाखवला, आणि फायफरचा जिवाणू निर्दोष सुटला. निदान त्या गुन्ह्यातून तरी. नाव मात्र आजही हिमोफिलस इन्फ्लुएन्झी. एकदा चुकीचं लेबल लागलं की ते काढायला किती वेळ लागतो बघा. आणि आमच्या केसपेपरवर तर ते पेनने लिहिलेलं असतं.

तिसऱ्या प्रश्नाने पकडलेली माणसं मला अजून आठवतात. नाक कोरडं, घसा साफ, खोकला नाही, आणि ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, हाडं मोडल्यासारखी. जिथे डास आहेत तिथे हा डेंग्यू किंवा मलेरिया नाही हे आधी सिद्ध व्हायला हवं. डेंग्यूत तर ताप उतरला म्हणून सगळे खूश होतात आणि धोक्याचे दिवस तिथूनच सुरू होतात: पोटात जोरात दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थपणा किंवा गुंगी. मान वाकवता येत नाही, उजेड सोसत नाही, अंगावरचे डाग काच दाबली तरी फिके होत नाहीत, हे असेल तर ओपीडीची रांग त्याच्यासाठी नाही. लहान मुलांत मेंदूज्वराच्या आणि रक्तातल्या जंतुसंसर्गाच्या सुरुवातीला याहून साध्या खुणा असतात: पाय दुखतात म्हणून रडणं, ताप असून हातपाय गारठलेले, रंग उतरलेला.

आणि एक विचित्र प्रकार. एका घरातली सगळी माणसं एकाच सकाळी डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं घेऊन येतात, ताप कोणालाच नाही, आणि 'बाहेर आलं की बरं वाटतं' असं सांगतात. बंद खोलीत शेगडी, हीटर किंवा जनरेटर चालू होता का, हे विचारा. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा फ्लूचा मुखवटा घालून येते, आणि इथे ऑक्सिमीटर चक्क खोटं बोलतो: त्याला ऑक्सिजन आणि हा वायू यांतला फरक कळत नाही, तो ठणठणीत अठ्ठ्याण्णव दाखवतो.

चाचणीबद्दल थोडक्यात. झटपट अँटिजेन चाचणी पॉझिटिव्ह आली तर साथीच्या दिवसांत तिच्यावर बहुधा विश्वास ठेवता येतो. निगेटिव्ह आली तर ठेवता येत नाही; फ्लू असलेल्यांपैकी बरेच तिच्यातून सुटतात, आरटी-पीसीआर त्याहून पुष्कळ खात्रीची. फ्लू आणि कोविड यांतला फरक नुसत्या लक्षणांवरून छातीठोकपणे सांगणारा अजून मला भेटलेला नाही. पण मला खटकतं ते वेगळंच. रिपोर्ट निगेटिव्ह आला की रुग्णाकडे बघायचंच बंद होतं. कागद निगेटिव्ह असतो, माणूस तसाच धापा टाकत असतो.

औषधांबद्दल मी तुम्हाला शिकवावं अशी माझी पायरी नाही. तरी औषधाच्या खिडकीवरून येणाऱ्या चिठ्ठ्या मी रोज वाचते, म्हणून काही बोलते.

ओसेल्टामिविर ही फ्लूच्या विषाणूवरची गोळी; आजार सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिली तर तिचा उपयोग जास्त. पण ती जादूची गोळी नाही. धडधाकट माणसाला लवकर दिली तरी आजार एखाद्या दिवसाने, किंबहुना त्याहून थोडा कमीच, आटोपतो. वर मळमळ-उलटी होऊ शकते. म्हणून प्रत्येक शिंकेला ती लिहू नये, हे पटतं. पण मग ज्याला ती खरोखर लागते त्यालाही रिपोर्ट येईपर्यंत ताटकळत का ठेवतो आपण? दाखल करण्याइतका आजारी असेल तर संशयावरच, पहिल्या ४८ तासांची वाट निघून गेली असली तरी, सुरू करायची असते. प्रौढाला ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. मूत्रपिंड कमकुवत असेल तर डोस कमी. गरोदर बाई, बाळंतीण, पासष्टच्या पुढचे, दोन वर्षांच्या आतली मुलं, दमा, हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, खूप स्थूलपणा, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेले, ही जोखमीची माणसं. २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत गरोदर बायकांनी फार सोसलं, हे विसरून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचना गंभीर रुग्णासाठी ओसेल्टामिविर सुचवतात, आणि अजून गंभीर नसलेल्या पण तसा धोका मोठा असलेल्यांसाठी बॅलोक्सॅविर हे एका डोसाचं दुसरं विषाणूविरोधी औषध. अनेक देशांच्या नियमांत या दुसऱ्या गटालाही ओसेल्टामिविरच देतात. तुम्ही कोणता नियम पाळता ते तुम्ही ठरवा. माझं म्हणणं एवढंच की मधुमेहाची गरोदर बाई आणि कॉलेजचा मुलगा यांची चिठ्ठी हुबेहूब सारखी निघते तेव्हा कोणताच नियम पाळलेला नसतो.

अँटिबायोटिकचं भांडण आमच्या टेबलावर होतं, तुमच्या नाही. 'डॉक्टरांनी पॉवरफुल गोळी दिलीच नाही' हे आम्हाला ऐकवतात. हिरवा-पिवळा कफ म्हणजे जिवाणू, ही समजूत इतकी पक्की आहे की काही डॉक्टरांनाही ती मोडवत नाही. कफाचा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो, विषाणूच्या आजारातही. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात बारा लाखांहून अधिक मृत्यू झाले असा अंदाज प्रसिद्ध झाला आहे, पण ही संख्या सांगून समोरच्या माणसाचं समाधान होत नाही, हेही मला माहीत आहे. त्याचं समाधान होतं तपासल्याने. ज्याची छाती स्टेथोस्कोप लावून नीट ऐकली, ज्याचा श्वास मोजला, तो अँटिबायोटिकशिवाय मुकाट घरी जातो. ज्याच्याकडे कोणी मान वर करून बघितलंही नाही, तो गोळी मागतो. निदान मी तरी हे असंच बघत आलेय.

ताप लगेच उतरावा म्हणून दिलं जाणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन मात्र कृपा करून थांबवा. दमा उसळला असेल तर ती गोष्ट वेगळी. पण साध्या फ्लूत त्याने माणसाला दोन दिवस खोटी तरतरी येते, ताप झाकला जातो, आणि आतलं दुखणं बिनबोभाट वाढतं. पॅरासिटामॉलचा हिशेब करा: प्रौढाला दिवसाला चार ग्रॅमच्या वर नको, यकृत कमजोर असेल तर त्याहून बरंच कमी. सर्दीच्या गोळीत ते असतं, अंगदुखीच्या गोळीत असतं, तापाच्या गोळीत असतंच. तिन्ही एका चिठ्ठीवर असतील तर बेरीज कोणी करायची? मुलांना वजनावर, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. ॲस्पिरिन मुलांना फ्लूत अजिबात नाही. त्यातून होणारा राय सिंड्रोम यकृत आणि मेंदू दोन्हींवर घाला घालतो. आणि डेंग्यूची शंका असेल तोवर आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळ्या दूर ठेवा. तोंडाने पाणी पिणाऱ्याला सलाईनची गरज नसते. एवढं बोलून पुढे जाते, नाहीतर पत्राचं व्याख्यान होईल.

तुमच्या खोलीतून बाहेर पडलेला रुग्ण परत माझ्यापाशी येतो हे तुम्हाला माहीत आहे का? रोज येतात. 'सिस्टर, डॉक्टर काय म्हणाले?' आत पाच मिनिटं बसलेला माणूस बाहेर येऊन मला विचारतो की आत काय झालं. त्याने 'व्हायरल' ऐकलेलं असतं, त्याचा अर्थ 'काही नाही' असा लावलेला असतो, आणि म्हणून पुढे काही झालं तरी तो येत नाही. 'काही वाटलं तर या' हे वाक्य बिनकामाचं आहे. काय वाटलं तर? कधी? रात्री वाटलं तर कुठे?

मी आता केसपेपरच्या मागे स्वतःच्या हाताने लिहून देते, आणि वाचता येत नसेल तर सोबतच्या माणसाकडून परत म्हणवून घेते. शब्द साधे. बोलताना दम लागून वाक्य तुटायला लागलं तर लगेच या. ओठ निळसर दिसले, छातीत दुखलं, बरळायला लागले, उठवलं तरी उठत नाहीत असं झालं तर लगेच या. ताप जाऊन परत आला तर त्याच दिवशी या, उद्या नाही. मुलाने सहा-आठ तासांत लघवी केली नाही, पाणी पोटात टिकत नाही, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, तर रात्र बघू नका. ताप चार-पाच दिवसांत उतरला नाही तर परत दाखवा. आणि हेही: खोकला दोन आठवडेसुद्धा राहू शकतो, त्याला घाबरू नका. हे शेवटचं वाक्य लिहायला लागल्यापासून दहाव्या दिवशी 'खोकला जात नाही, दुसरी गोळी द्या' म्हणून येणारे बरेच कमी झाले. खोकला सात दिवसांत जायला हवा असं त्यांना वाटत असतं, आणि आपण त्यांना कधी वेगळं सांगितलेलंच नसतं. दोन आठवड्यांवर गेला तर मात्र या, कफाची तपासणी करू. तिथे क्षयरोगाचा विचार करावाच लागतो.

आता मागण्या.

डॉक्टर, श्वासाचा रकाना रिकामा असलेला केसपेपर आला तर माझ्यावर ओरडू नका, पण पुढेही जाऊ नका. 'सिस्टर, हा राहिला' एवढं म्हणा आणि परत पाठवा. आठवडाभर असं केलंत तर रकाना भरायला लागेल. आणि आकडा वीस दिसला, माणूस मात्र खांदे उचलून श्वास घेतोय, तर माझ्या आकड्यावर काट मारा. मला राग येणार नाही. आला तरी मोजून झाल्यावर जाईल.

सिस्टर मैत्रिणींनो, मोजायला वेळ मिळाला नाही तर रकाना कोरा सोडा. वीस लिहू नका. कोरा रकाना डॉक्टरला निदान प्रश्न विचारायला लावतो. आपला वीस त्याला गप्प बसवतो. गर्दीत प्रत्येक माणसाला एक मिनिट देता येत नाही हे मला कोणी सांगायला नको; खरचटलेल्या गुडघ्याचा श्वास मोजा असं मी म्हणत नाही. ताप आणि खोकला एवढ्यांचाच मोजा. खोकणाऱ्यांना मास्क देऊन खिडकीकडच्या बाकावर बसवा, म्हणजे मोजता मोजता आपणही त्यांच्या रांगेत जाऊन बसणार नाही. फ्लूचा रुग्ण लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून आजार पसरवू लागतो, त्यामुळे आपली दरवर्षीची लसही साथ यायच्या आधी घेतलेली बरी. तिला अंगात काम सुरू करायला दोन आठवडे लागतात. मी एक वर्ष चुकवली होती. त्या वर्षी मला झालेला ताप दुपारी सव्वा दोनला आला, हे मी अजून सांगू शकते.

आणि ज्यांच्या हातात खरेदीच्या फायली असतात त्यांना: नवीन मॉनिटर आला की त्याचं उद्घाटन होतं, फोटो निघतात. आमच्या टेबलासमोरच्या भिंतीवर सेकंद काटा असलेलं एक घड्याळ हवं आहे. आत्ता आहे त्याचा सेकंद काटा पंचेचाळीसपाशी येऊन थरथरतो आणि तिथेच थांबतो. सेल बदलून बघितला, उपयोग झाला नाही. तोवर मी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवते आहे. संसर्गाच्या नियमांप्रमाणे मनगटावर काही घालायचं नसतं, ते बरोबरच आहे, पण मग भिंतीवर काहीतरी चालू असू द्या.

कळावे.

आपली,
ओपीडीच्या दारातल्या टेबलावरची एक सिस्टर